मॉट इन्सुलेटरमधलं डोपिंग: मी वर्गात चुकीचं शिकवलं का?

फळा_खडू
नमस्कार मंडळी. गेली वीस वर्षं पदवीच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. यंदा सॉलिड स्टेट फिजिक्सचा पेपर गळ्यात पडला. गेल्या आठवड्यात अतिवाहकांच्या (रोधाशिवाय वीज वाहून नेणाऱ्या पदार्थांच्या) तासाला मी फळ्यावर लिहिलं की लॅन्थनम कॉपर ऑक्साइड हा इन्सुलेटर. त्यात तीन धन भाराच्या लॅन्थनमच्या जागी दोन धन भाराचा स्ट्रॉन्शियम घातला की दर स्ट्रॉन्शियममागे एक इलेक्ट्रॉन कमी होतो, होल तयार होतो आणि वीज वाहू लागते. 'सिलिकॉनमध्ये बोरॉन घालून डोपिंग करतो तसंच,' असं म्हणून खडू खाली ठेवला.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. 'सर, सिलिकॉनचा बँड, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा पट्टा, पूर्ण भरलेला असतो, म्हणून तो वाहत नाही. इथे तर दर तांब्यामागे एकच सुटा इलेक्ट्रॉन आहे, म्हणजे बँड अर्धाच भरलाय. मग हा आधीपासूनच धातू का नाही? आणि जो मुळातच बँडचा नियम पाळत नाही, तो डोपिंग केल्यावर सिलिकॉनसारखा का वागेल?'

तास संपल्याची घंटा झाली म्हणून वाचलो. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात म्हणून जागच्या जागी अडकतात, त्याला मॉट इन्सुलेटर म्हणतात, एवढं मला माहीत आहे. पण डोपिंगनंतर आतल्या अवस्थांचं काय होतं? बँड तेच राहून फर्मी पातळी (इलेक्ट्रॉन जिथपर्यंत भरलेत ती रेघ) तेवढी सरकते, की बँडच बदलतात? सोमवारी पुन्हा तास आहे.

उनाड_इलेक्ट्रॉन
शीर्षक वाचून वाटलं विहिरीवरची मोट. मोटेला इन्सुलेशन कशाला, म्हणून आत आलो. डोपिंग वाचल्यावर वाटलं बैलांना काहीतरी चारत असणार. ह.घ्या. बसलोय मागच्या बाकावर.

अर्धवाहक_पुणेकर
मास्तर, एवढं मनाला लावून घेऊ नका. पदवीच्या पातळीला 'एक इलेक्ट्रॉन कमी म्हणजे एक होल' हे चालतं. आम्ही चिपवाले तर आयुष्यभर त्यावरच जगतो. भार मोजला तर हिशोब तोच येतो. बाकी सगळं सैद्धांतिक मंडळींचं पोट भरण्याचं साधन.

झुळूक
पुणेकर, भाराचा हिशोब तोच येतो, पण अवस्थांचा येत नाही. मास्तर, तुमच्या विद्यार्थिनीने नेमकं तिथेच बोट ठेवलंय. सूत्रं बाजूला ठेवून सांगते.

एक वसतिगृह धरा. शंभर खोल्या, दर खोलीत एक खाट. मुलं म्हणजे इलेक्ट्रॉन, दोनच प्रकारची, उताणी झोपणारी आणि पालथी झोपणारी (वर आणि खाली स्पिन). दोन उताणे एका खाटेवर कधीच मावत नाहीत, हा पाउलींचा नियम. एक उताणा आणि एक पालथा मावतात, पण रेक्टर जबर दंड लावतो. हा दंड म्हणजे इलेक्ट्रॉनांचं परस्परांना ढकलणं.

सिलिकॉनच्या वसतिगृहात दर खोलीत आधीच दोघं आहेत. सगळं गच्च, हलायला जागा नाही. एक उताणा घरी गेला तर किती जागा झाली? एक, आणि तीही उताण्याचीच. बाकीच्या खोल्यांना काही फरक पडला नाही.

मॉटच्या वसतिगृहात शंभर खोल्यांत शंभर मुलं, एकेकटी. जागा अर्धी रिकामी आहे, तरी कुणी शेजारच्या खोलीत जात नाही, कारण दंड परवडत नाही. बाहेरून नवा मुलगा आणायचा तर शंभर मार्ग आहेत (दर खोलीत विरुद्ध प्रकारचा एक), पण शंभरही महागडे. आता एक मुलगा घरी पाठवा. रिकाम्या खोलीत उताणाही येईल, पालथाही येईल, दंड नाही. म्हणजे स्वस्त जागा झाल्या दोन. आणि महागड्या? उरलेल्या नव्याण्णव खोल्यांत नव्याण्णव. एक महागडी जागा कमी झाली!

म्हणजे मुलगा खालच्या (स्वस्त) बँडमधून काढला आणि वरच्या (महागड्या) बँडमधली एक अवस्था खाली उतरली. सिलिकॉनमध्ये असं कधी होत नाही. तिथे बँड हे आधीच बांधून ठेवलेले मजले, आपण फक्त माणसं हलवतो. इथे माणूस हलवला की मजल्यांचीच फेररचना होते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर दुसरं, बँडच बदलतात.

(मुलं खोल्या बदलू लागली की स्वस्त अवस्था दोनापेक्षाही वाढतात, पण ते तूर्त सोडा.)

तळ्यात_मळ्यात
दंडवत घ्या. उताणे-पालथे कायमचे लक्षात राहणार. आमच्या वसतिगृहात दंड नव्हता, ढेकूण होते, तरी एका खाटेवर तिघे झोपायचो. ते बहुधा अतिवाहक.

ढोबळ_मानाने
झुळूकताई, उदाहरण झकास, पण शंका आहे. एवढ्या दंडाबिंडाची गरज काय? लॅन्थनम कॉपर ऑक्साइड प्रतिलोहचुंबकीय आहे. बुद्धिबळाच्या पटासारखा एक स्पिन वर, शेजारचा खाली. त्यामुळे स्फटिकाचा मूळ घटक दुप्पट होतो, अर्धा भरलेला बँड दोन तुकड्यांत मोडतो, खालचा पूर्ण भरतो, झाला इन्सुलेटर. स्लेटरने हे १९५१ सालीच सांगितलंय. साधी बँड थिअरी पुरते.

झुळूक
हा जुनाच वाद आहे, ढोबळराव. मग पट उधळल्यावर तो धातू व्हायला हवा, नाही का? हा पट साधारण ३२५ केल्विनला उधळतो, म्हणजे कडक उन्हाळ्यापेक्षा थोडं वर. त्यानंतरही पदार्थ इन्सुलेटरच राहतो. निकेल ऑक्साइडचं तर ५२३ केल्विनला होतं आणि तोही त्यानंतर इन्सुलेटरच. चुंबकत्व हा परिणाम आहे. कारण म्हणाल तर रेक्टर.

ढोबळ_मानाने
बरं. अर्धी माघार. थंडीत चुंबकत्व मदत करतं एवढं तरी कबूल करा.

झुळूक
तेवढं केलं कबूल.

बर्फाळ_माऊ
कॅनडातून, बाहेर उणे बावीस. मी क्ष-किरणांवर काम करते, म्हणून प्रयोगाची बाजू मांडते. झुळूकने सांगितलेली खाली उतरणारी अवस्था नुसती कागदावर नाही. १९९१ साली याच पदार्थावर क्ष-किरण शोषणाचं मोजमाप झालं. स्ट्रॉन्शियम वाढवत गेलं की खालच्या ऊर्जेला नवा उंचवटा वाढत जातो आणि वरचा त्याच वेळी खचत जातो. त्याच वर्षी टोकियोच्या गटाने प्रकाशाच्या परावर्तनातून दाखवलं की दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासचं शोषण कमी होतं आणि ते तळाशी जमा होतं. घरातलं धान्य वरच्या कोनाड्यातून खालच्या डब्यात यावं तसं.

एक दुरुस्ती मात्र हवी. तांब्याच्या ऑक्साइडमध्ये होल तांब्यावर बसतच नाही, ऑक्सिजनवर बसतो. १९८५ मध्ये झानेन, सावात्स्की आणि ॲलन यांनी असे पदार्थ दोन गटांत विभागले. एका गटात तांब्याचा इलेक्ट्रॉन दुसऱ्या तांब्यावर नेणं सर्वांत स्वस्त, दुसऱ्यात ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन तांब्यावर नेणं स्वस्त. हा पदार्थ दुसऱ्या गटातला. त्यामुळे काटेकोर बोलायचं तर हा 'मॉट' नाही, त्याचा मावसभाऊ.

फळा_खडू
अहो मग झुळूकताईंचं वसतिगृह कोसळलं की!

झुळूक
नाही मास्तर. ऑक्सिजनवरचा होल आपल्या मधल्या तांब्याच्या स्पिनशी इतकी घट्ट जोडी करतो की लांबून पाहिलं तर ती जोडी म्हणजे तांब्याची एक रिकामी खोलीच दिसते. १९८८ मध्ये झांग आणि राइस यांनी हे दाखवलं. वसतिगृह शाबूत आहे, फक्त खोली रिकामी नसून तिथे दोघांचं इतकं जमलंय की त्यांचा कुणाला उपद्रव नाही.

माऊची दुरुस्ती लागते ती होलऐवजी इलेक्ट्रॉन घालताना. निओडिमियमच्या अशाच ऑक्साइडमध्ये १९८९ साली जपानी गटाने सिरियम घातला. जादा इलेक्ट्रॉन थेट तांब्यावर जातो, त्याचा स्पिन मिटवतो आणि गप्प बसतो. पटावरची एक सोंगटी उचलल्यासारखं. होल मात्र दोन तांब्यांच्या मधोमध ऑक्सिजनवर बसून शेजाऱ्यांत भांडण लावतो. म्हणून चुंबकी पट स्ट्रॉन्शियमच्या फक्त दोन टक्क्यांना उधळतो आणि सिरियमच्या बाजूला तेरा-चौदा टक्क्यांपर्यंत तग धरतो. सिलिकॉनमध्ये बोरॉन आणि फॉस्फरस जवळपास आरशातल्या प्रतिमा. इथे आरसा वाकडा आहे.

भट्टीवाला
निवृत्त माणूस आहे, लांबलचक लिहितो, माफ करा.

१९८६ मध्ये बेडनॉर्झ आणि म्यूलर यांचा झुरिचचा पेपर आला. लॅन्थनम कॉपर ऑक्साइडमध्ये बेरियम, आणि तीस केल्विनच्या आसपास रोध कोसळायला लागलेला. १९८७ च्या सुरुवातीला इट्रियमचं ऑक्साइड आलं, ९३ केल्विन. म्हणजे द्रव नायट्रोजनमध्ये, ७७ केल्विनला, काम होणार. आमच्या खात्यात घाई उडाली. मी तेव्हा एम.एस्सी.च्या प्रोजेक्टवर. इट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट, कॉपर ऑक्साइड खलात घोटायचं, वडी दाबायची, ९३०-९५० अंशांना भट्टीत. पहिल्या वडीचा रंग हिरवट आला. सर म्हणाले, 'पुदिन्याची वडी केलीस काय?' ती भलतीच अवस्था होती, प्रमाण चुकलेलं.

दुसरी वडी छान काळी. अधीर झालो आणि भट्टीतून तापलेली काढून सरळ बाहेर ठेवली. नायट्रोजनमध्ये बुडवली, वर चुंबक सोडला. अतिवाहकावर तरंगायला हवा तो चुंबक टक्कन वडीवर बसला आणि तिथेच राहिला. दोन आठवडे वाया.

चूक काय होती ती या धाग्याशी थेट जोडलेली आहे. या पदार्थाला डोपिंग करायला परका अणू लागतच नाही, ऑक्सिजनच पुरतो. एका रेणूमागे सहा ऑक्सिजन असतील तर तो प्रतिलोहचुंबकीय इन्सुलेटर, सातच्या जवळ गेले की अतिवाहक. जास्त तापमानाला ऑक्सिजन उडून जातो. मी गरम वडी एकदम बाहेर काढली म्हणजे तिला सहाजवळच गोठवली. मग ऑक्सिजनच्या झोतात साडेचारशे अंशांपाशी रात्रभर ठेवून हळूहळू निववली. सकाळी चुंबक अधांतरी. शिपाईमामांपासून प्राचार्यांपर्यंत सगळे बघायला आले.

सांगायचा मुद्दा, तीच वडी, तेच धातू, फक्त ऑक्सिजन कमी-जास्त. ते एका बाजूला न वाहणारं आणि दुसऱ्या बाजूला रोधाशिवाय वाहणारं. चाळीस वर्षं झाली, अंगावर काटा अजून येतो.

तळ्यात_मळ्यात
पुदिन्याची वडी 😂 काका, प्रतिसाद नव्हे, स्वतंत्र लेख हवा. पुभाप्र.

अर्धवाहक_पुणेकर
भट्टीवाले काका, मजा आली. पण माझाही मुद्दा घ्या. आमच्या सिलिकॉनमध्येही 'मॉट संक्रमण' असतं. फॉस्फरस घन सेंटीमीटरला ३.७ गुणिले १० चा १८ वा घात एवढा झाला की सिलिकॉन कमी तापमानालाही धातूसारखा वाहतो. म्हणजे साडेतेरा हजार सिलिकॉन अणूंमागे एक फॉस्फरस. मग तुमच्यात आणि आमच्यात फरक काय राहिला?

झुळूक
पुणेकर, हा तुमचा सर्वांत चांगला प्रतिसाद. मॉट तेच, म्हणजे नेव्हिल मॉटच. पण तिथे अडकलेले असतात ते फॉस्फरसचे जादाचे इलेक्ट्रॉन, दर फॉस्फरसमागे एक. म्हणजे सिलिकॉनच्या पोटात फॉस्फरसचं एक विस्कळीत, अर्ध भरलेलं वसतिगृह. फॉस्फरस वाढवला की खोल्या जवळ येतात, ये-जा स्वस्त होते, दंड झेपतो. तुम्ही खोल्या जवळ आणताय, माणसं प्रतिखोली एकच. आम्ही खोल्या तिथेच ठेवून माणसं कमी करतो. दंडावर मात करायच्या या दोन वेगळ्या वाटा.

पहिल्या वाटेचं आणखी एक उदाहरण व्हॅनेडियम ऑक्साइडचं. त्यात टक्काभर क्रोमियम घातलं की खोलीच्या तापमानाला धातूचा इन्सुलेटर होतो. क्रोमियम इलेक्ट्रॉन देतही नाही आणि घेतही नाही. बाहेरून दाब दिला की तो परत धातू. नाव 'डोपिंग'च, काम निराळं.

कावेरीकाठ
भाषेचं अवांतर. डोपिंगला मराठीत काय म्हणावं? हिंदी पुस्तकांत 'अपमिश्रण' वाचलंय, ते अन्नभेसळ खात्याचं वाटतं. 'विरजण' कसं?

भट्टीवाला
विरजण सिलिकॉनला शोभेल, चमचाभरात पातेलं पालटतं. खरं तर तेही जास्तच, सिलिकॉनमध्ये लाखांत-कोटींत एक म्हणजे हिंगसुद्धा नाही. तांब्याच्या ऑक्साइडमध्ये उत्तम अतिवाहकता येते स्ट्रॉन्शियम पंधरा-सोळा टक्के असताना. हे विरजण नव्हे, खिचडीतलं डाळ-तांदळाचं प्रमाण.

उनाड_इलेक्ट्रॉन
म्हणजे मॉट खिचडी. रेक्टरच्या मेसमध्ये सोमवारी.

चौकट_राजा
'डोपिंग केलं की धातू होतो' हे सगळे गृहीत धरून चाललेत. १९३७ साली ब्रिस्टलच्या परिषदेत फिलिप्सच्या प्रयोगशाळेतल्या द बूर आणि फेरवे यांनी हाच प्रश्न मांडला होता की निकेल ऑक्साइड बँड थिअरीप्रमाणे धातू हवा, तो का नाही. मास्तरांच्या विद्यार्थिनीचा प्रश्न तोच, फक्त धातू वेगळा. याच फेरवेने पुढे १९५० च्या सुमारास निकेल ऑक्साइडमध्ये लिथियम घातलं. हिरवा पदार्थ काळा पडला, रोध प्रचंड घटला, पण धातू काही झाला नाही. होल आले आणि जागीच रुतले, भोवतालच्या अणूंना ओढून स्वतःभोवती खळगा करून बसले. मॉट इन्सुलेटर डोप केला की धातू होतोच असं नाही, अतिवाहक तर त्याहून दुर्मीळ.

झुळूक
+१. हे मी लिहायलाच हवं होतं.

बर्फाळ_माऊ
चौकट_राजांच्या मुद्द्याला जोडून, कप्रेटमध्येही (म्हणजे या तांब्याच्या ऑक्साइडांतही) लगेच 'छान धातू' होत नाही, मध्ये विचित्र मुलूख लागतो. फोटो-उत्सर्जनाने (आम्ही आर्पेस म्हणतो) फर्मी पृष्ठ, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या अवस्थांमधली सीमा, थेट दिसतं. साध्या धातूत ते बंद वळण असायलाच हवं. कमी डोपिंगला, अतिवाहकता येण्याच्या तापमानाच्या वर, इथे बंद वळणाऐवजी चार तुटके कंस दिसतात, बाकी भाग गायब. १९९८ पासून हे कंस वाद घालायला पुरलेत. गायब भागात जी अर्धवट फट असते तिला छद्मफट म्हणूया.

वाहकांची संख्याही तशीच गंमत करते. दर तांब्यामागे स्ट्रॉन्शियम क्ष असताना कमी डोपिंगला हॉल मापनातून (चुंबकी क्षेत्रात वाहक मोजण्याची पद्धत) वाहक दिसतात क्ष एवढेच. जणू उरलेले सगळे इलेक्ट्रॉन अस्तित्वातच नाहीत. खूप डोप केलं की तोच आकडा एक अधिक क्ष होतो, म्हणजे अडकलेले सगळे सुटून मोजणीत आले. २०१६ मध्ये ८८ टेस्लापर्यंतच्या चुंबकी क्षेत्रात इट्रियमच्या कप्रेटवर मापन झालं, तेव्हा हा बदल डोपिंगच्या ०.१६ ते ०.१९ या अरुंद पट्ट्यात होताना दिसला. पुणेकर, बोरॉनचे होल मोजताना सिलिकॉनचे सगळे संयुजा इलेक्ट्रॉन अचानक हजेरी लावतात असं पाहिलंय कधी?

अर्धवाहक_पुणेकर
नाही पाहिलं. चिप परत पाठवतील ग्राहक. वाद मागे घेतला. 'सैद्धांतिक मंडळींचं पोट' हे शब्दही.

ढोबळ_मानाने
पुणेकरांनी वाद मागे घेतल्याची तारीख नोंदवून ठेवा.

गोट्या_इंजिनियर
अडाणी प्रश्न. होल हलतो म्हणजे पंधराच्या कोड्यासारखंच ना? एक घर रिकामं, बाकी ठोकळे सरकवायचे?

झुळूक
अजिबात अडाणी नाही. ते कोडं घ्या आणि ठोकळ्यांवर काळा-पांढरा पट रंगवा. रिकामं घर एका रेषेत पाच घरं सरकवा. सरकलेले पाचही ठोकळे चुकीच्या रंगाच्या घरात आलेत. होल जिथून गेला तिथे पट विस्कटला, आणि विस्कटण्याला ऊर्जा लागते. म्हणून होल मोकळा धावत नाही, मागे ओढला जातो. कोड्यात आणि पदार्थात एक फरक मात्र आहे. स्पिन आपणहून अदलाबदल करून मागची विस्कट थोडी थोडी दुरुस्त करत जातात, त्यामुळे होल हलतो, पण जड होऊन. आणि होल बरेच असले की ते कधी कधी रांगा लावतात, म्हणजे मधल्या पट्ट्यांत पट शाबूत आणि रांगांत होल. लॅन्थनम-बेरियमच्या कप्रेटमध्ये एक-अष्टमांश डोपिंगला अतिवाहकता जवळजवळ मरते ती यामुळे. त्या रांगा १९९५ मध्ये न्यूट्रॉनच्या प्रयोगांत एका भावंड पदार्थात सापडल्या.

कावेरीकाठ
भारतीयांचा हात कुठे आहे यात?

भट्टीवाला
आहे की. १९८७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसनने मांडलं की डोपिंगआधी इन्सुलेटरमध्येच स्पिन जोड्याजोड्यांनी बांधलेले असतात आणि होल आले की याच जोड्या अतिवाहक होतात. त्याचं गणित त्याच वर्षी मांडणाऱ्या पेपरवर पहिलं नाव जी. बास्करन यांचं. बंगळुरूला सी.एन.आर. राव यांचा गट तर लॅन्थनम कॉपर ऑक्साइडवर झुरिचच्या आधीपासून काम करत होता. मुंबईत टीआयएफआरमध्ये १९९० च्या दशकात बोरोकार्बाइड अतिवाहक सापडले, ते मॉटच्या घराण्यातले नाहीत, पण कुलाब्याचे आहेत म्हणून सांगितलं.

फळा_खडू
सोमवार झाला. सर्वांचे आभार, आता अहवाल.

आधी कबुली दिली की मागच्या तासाला चुकीचं सांगितलं. मग फळ्यावर वसतिगृह काढलं. उताणे-पालथे म्हटल्यावर वर्ग पाच मिनिटं हातात राहिला नाही. पण 'एक मुलगा गेला तर स्वस्त जागा किती' विचारल्यावर तिघांनी न सांगता 'दोन' म्हटलं. 'महागड्या शंभरच्या नव्याण्णव' इथे शांतता झाली. कळल्याची शांतता वेगळी असते, वीस वर्षांत ओळखू येते.

तास संपल्यावर ती मुलगी स्टाफरूममध्ये आली. म्हणे, 'सर, दोन मुलं घरी गेली तर रिकाम्या खोल्या शेजारी-शेजारी असणं स्वस्त की लांब-लांब?' मी म्हटलं उद्या सांगतो. आता तुम्हीच सांगा.

झुळूक
मास्तर, या मुलीला सोडू नका.

चौकोनी जाळीत दर खोलीला चार शेजारी. दोन रिकाम्या खोल्या लांब असतील तर चुंबकी शेजारसंबंध आठ तुटतात. शेजारी असतील तर मधला संबंध दोघींत समाईक, म्हणून सातच. म्हणजे चुंबकत्व त्यांना जवळ ढकलतं. पण जवळ राहिल्या की मोकळं हिंडता येत नाही आणि हिंडण्यात वाचणारी ऊर्जा गमवावी लागते. यातलं कोण जिंकतं यावर १९८७ पासून भांडण चालू आहे.

ढोबळ_मानाने
आणि झुळूकताई त्या भांडणात कोणत्या बाजूला?

झुळूक
सातच्या. पण रेक्टरला सांगू नका.

फळा_खडू
सात आणि आठ. आत्ताच वहीत जाळी काढून मोजलं, बरोबर आहे. उद्या तिलाच फळ्यावर मोजायला बोलावतो.